शेड कार्ड

रबाळ्याच्या रंगकारखान्यात एकतीस वर्षं
मी दोन लालांमधला फरक सांगत होतो.
उत्तरेच्या खिडकीशी चिंधी धरायची,
शेजारी कार्ड,
आणि म्हणायचं: अर्धी छटा कमी.
माझ्या शब्दावर दोनशे किलोची बॅच थांबायची.

निवृत्त झालो, घणसोलीतल्या सुहैलकडून
सहा रोझी बार्ब आणले.
पिशवीत डाळिंबाचे दाणे होते ते.
तिसऱ्या आठवड्यात चहात विसरलेला टोस्ट.
मी वहीत नोंदलं, तारखेसकट:
शेपटीकडून सुरुवात. एक छटा खाली.

सुहैल म्हणाला, काका,
मासा लाल रंग घरी करत नाही,
खाऊन आणतो. तुम्ही काय घालता?
मी डबी दाखवली. पन्नास रुपयांचे दाणे,
वर मात्र लालभडक माशाचं चित्र.
तो हसला. हे चित्रच चारा त्यांना.

मग चांगुणानं फळीवरून जवळा काढला.
करंजाचा, यंदाचा.
तीन पाण्यांत धुऊन मीठ घालवलं,
गॅलरीत वाळवला, खलबत्त्यात कुटला,
आणि चिमटीतून टाकताना म्हणाली,
पयले पानी बदला, मंग रंग बगा.

ती गोठिवलीची.
माहेरून परतताना नाला ओलांडायची,
आणि मी बूट काढायच्या आत सांगायची:
आज निळी बॅच.
कधीच चुकली नाही.
नाला खाडीला मिळतो तिथे
तिचा बाप बोक्षी लावायचा.
त्यानं जावयाला कधी काही विचारलं नाही.
एका वर्षी निवट्यांचं कालवण बंद झालं,
एवढंच.

पाणी तपासायला सुहैलनं कुप्या दिल्या.
नळीत आठ थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं,
आणि कार्डाला लावून बघायचं.
मला हसू आलं. पुन्हा कार्ड.
हिरवं म्हणजे माशांची घाण साचलेली,
पिवळं म्हणजे ठीक.
हिरवं आलं. गडद, सुंदर, बॅच पास करावी असं.
जन्मात पहिल्यांदा मला
रंग न चढलेला हवा होता.

मग बादल्या. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं,
त्याचा औषधाचा वास उडेपर्यंत.
दर रविवारी पाव टाकी काढायची, पाव भरायची.
सोसायटीच्या झाडाची बदामपानं, वाळून गळलेली, दोन.
पांढरी वाळू काढून काळी घातली,
कारण पांढऱ्यावर मासा अंग चोरतो,
दिसू नये म्हणून स्वतःला पुसत जातो.

हे वाचून दाखवत होतो तिला.
ती जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसली होती, दम खात.
म्हणाली, आठ महिने झाले
मी हितंच बसतेय.

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं
तिची खालची पापणी ओढली,
आणि मी वाकून पाहिलं.
आतली कड.
कागदावर आकडा आला सहा पूर्णांक आठ,
पण मला आकडा नकोच होता.
ती छटा मला ठाऊक होती.
किती धुण्यांनंतर लाल असा होतो
ते मीच शिकवायचो नव्या पोरांना.
आणि वहीत, आठ महिन्यांच्या वहीत,
तिची एक नोंद नाही.

आता फळीवर दोन डबे आहेत.
एकात कुटलेला जवळा, एकात अळीव.
गोळ्या जेवणानंतर, चहा त्यानंतर तासाभरानं,
यावरून रोज भांडण.
चहा तिला लागतोच.

रात्री मासे रंग उतरवून झोपतात.
पहाटे दिवा लावला की सहाही जण
पाण्याच्याच रंगाचे, क्षणभर धस्स होतं.
सुहैलनं बजावलंय:
दिवा लावल्या लावल्या निकाल द्यायचा नाही.
वीस मिनिटं थांबायचं.

आज ती उठून आली, शेजारी स्टुलावर बसली,
काचेच्या उजेडात तोंड पुढे करून.
आला का?
कुणाचा, ते विचारलं नाही मी.
म्हटलं, थांब जरा.
आत्ताच तर लावलाय.